तीन फेऱ्या

आभा दाबके हिनं आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं असतं, तर तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं असतं: ‘पान वरून खाली ओढा.’ ती वेबसाइटी बनवून देते. गिऱ्हाईक बदल सांगतं, ती तो करते, गिऱ्हाइकाच्या फोनवर मात्र जुनंच पान उघडं असतं आणि ते कावतं, की पैसे घेऊन ही बाई काहीच करत नाही. मग ही सांगते, बोटानं पान वरून खाली ओढा, नवं दिसेल. हिंदीत सांगते, बंगालीत सांगते, क्वचित मराठीतही. दिवसातून वीसेक वेळा तरी. सांगलीहून तिची आई फोनवर चेष्टेनं विचारायची, झोपेतही हेच बडबडतेस का गं?

गेल्या फाल्गुनापासून ती हे वाक्य उच्चारत नाही. गिऱ्हाइकाला आधी म्हणते, आत्ता समोर जे दिसतंय त्याचा फोटो काढून मला पाठवा, मग पुढचं सांगते. गिऱ्हाइकं वैतागतात. एका सोनाराच्या मुलानं तर विचारलंही, की तुमच्याकडे सरळ एका पायरीत काही होतच नाही का. त्याला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आभा चौथीत असताना तिचे वडील अरुण दाबके बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले. तीन वर्षांसाठी म्हणून आले आणि बावीस वर्षं राहिले. निवृत्तीनंतर आईवडील सांगलीला गेले, पण आभाचं शिक्षण, नोकरी, मैत्रिणी सगळं इथलंच. ती मागे राहिली. पुढे नोकरीही सोडली आणि बेहाला चौरस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं. नोकरी सोडली तेव्हा तिला वाटलं होतं, साहेब सुटला. तो सुटला खरा, पण त्याच्या जागी पंधरा आले. एकेका वेबसाइटमागे एकेक साहेब.

त्यातला एक दातांचा डॉक्टर होता. साइटवर हसणाऱ्या माणसाचा फोटो होता, त्याचे दात अजून पांढरे करा, एवढंच त्याचं म्हणणं. दर दोन दिवसांनी फोन: बस, थोडासा और. चौदाव्या खेपेला दात इतके पांढरे झाले, की माणूस दिसेना. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी सगळ्यांचीच तऱ्हा. आभा पडली भिडस्त, ती करत राहिली. त्या पावसाळ्यात तिला नागीण उठली. डॉक्टरनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, कसला ताण घेता? दातांचा, असं सांगायची तिला लाज वाटली.

बरी झाल्यावर तिनं एक कागद लिहून काढला. काम हाती घेताना तो गिऱ्हाइकाला द्यायचा. त्यात अटी तीन. एक, काम झाल्यावर बदल सुचवायच्या तीनच फेऱ्या मिळतील. दोन, चौथी फेरी म्हणजे नवं काम, त्याची नव्यानं बोली. तीन, शेवटी गिऱ्हाइकानं ‘मंजूर’ असं लिहून द्यायचं. या कागदानं तिचा जीव वाचवला, असं ती म्हणायची, आणि मला ते पटतं. नियमात काही खोट नव्हती. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी नियमाला नावं ठेवेल.

निर्मलाकाकू पोतनीस खिदिरपुरात डबे करायच्या. यजमान श्यामराव बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मुलगा अमेय बंगळुरूला. घरात दोन माणसं आणि हाताला चव, तेव्हा काकूंनी बदलीवर एकट्या आलेल्या मराठी मंडळींना जेवण पुरवायला सुरुवात केली. कुणी कस्टम्समधला, कुणी बँकेतली, कुणी एखाद्या कंपनीत दोन वर्षांपुरता. मासळीच्या शहरात वरणभात आणि भरलं वांगं शोधत हिंडणारी ही माणसं. मदतीला मिनती होती. ती काकूंना माशिमा म्हणायची आणि श्यामरावांना मेशोमशाय. ती बजबजहून सकाळच्या गाडीनं यायची, आणि वर्षभरात पोळ्या अशा लाटायला लागली, की काकू म्हणायच्या, ही मागच्या जन्मी वाईची असणार.

अमेयनं सुचवलं, आई, तुझी एक वेबसाइट कर. आभा स्वतः काकूंचाच डबा खायची, त्यामुळे काम तिच्याकडे आलं. अटींचा कागद तिनं काकूंनाही दिला. काकूंनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाल्या, “तीन फेऱ्या. म्हणजे जपून वापरायला हव्यात.”

त्यांनी खरंच जपून वापरल्या. पहिल्या फेरीत स्वतःचा फोटो काढायला लावला आणि तिथं डब्याचा घालायला. “माझं तोंड बघून कुणाला भूक लागणार आहे.” दुसऱ्या फेरीत अक्षरं मोठी करवली. तिसऱ्या फेरीत त्यांनी मागितला फळा. रोज सकाळी वीस जणांना बेत कळवायचा म्हणजे वीस फोन. त्यापेक्षा साइटवर फळ्यासारखी एक चौकट असावी, आपण फोनवरून त्यात लिहावं आणि सगळ्यांनी वाचावं. आभाला कल्पना आवडली. तिनं हिरवट काळ्या रंगाची चौकट केली, वर ‘आजचा बेत’ असं लिहिलं. नवीन लिहिलं, की जुनं आपोआप पुसलं जाईल अशी सोय केली. फळाच तो.

त्या फळ्यानं जी गंमत आणली ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. काकू नुसता बेत लिहीत नसत. ‘आज मुगाची उसळ, पोळी, काकडीची कोशिंबीर. वांगी बाजारात आली आहेत पण मला पसंत पडली नाहीत.’ किंवा ‘आज कढी. ज्यांना सर्दी आहे त्यांनी मुकाट्यानं आमटी मागावी.’ बदली होऊन गेलेले लोकही सकाळी उठून फळा वाचायचे. सुश्रुत नावाचा एक जण चंडीगडला गेला होता, तो तिथं चहासोबत वाचायचा, की खिदिरपुरात आज काय शिजतंय. आणि सर्वांत निष्ठावान वाचक होते श्यामराव. बायको स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, मध्ये एक पडदा. पण आज काय केलंयस हे ते तोंडानं विचारत नसत. फोन काढून फळा वाचत. काकूंनाही ते ठाऊक होतं. मग फळ्याच्या शेवटी कधीकधी एक ओळ असायची, ‘घरच्या माणसानं दळण आणावं.’ वीस जेवणारे हसायचे आणि श्यामराव पिशवी घेऊन निघायचे. चाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांना बोलायला जेवढं जमलं नसेल, तेवढं त्या फळ्यानं जमवलं.

साइट सुरू झाल्यावर महिन्याभरानं काकूंचा फोन आला. “आभा, एक विचारू? फळ्यावरचं जुनं पुसलं जातं ना, ते खाली राहू देता येईल का गं? कालचं, परवाचं. बदली होऊन गेलेली पोरं म्हणतात, मागचंही वाचायला आवडेल. आणि मलाही कळेल, परवा काय केलं होतं.”

काम तसं दोन तासांचं होतं. पण त्या आठवड्यात आभाच्या डोक्यावर तीन गिऱ्हाइकं बसली होती, आणि एकाला सवलत दिली, की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे ती दातांपासून शिकली होती. ती हसत म्हणाली, “काकू, तीन फेऱ्या झाल्या की हो. ही चौथी. पुढच्या वर्षी साइट नव्यानं करू तेव्हा नक्की.”

“खरंच की,” काकू म्हणाल्या. “राहू दे, राहू दे. तुझा नियम आहे तो.” त्या दिवशी त्यांनी डब्यात दोन लाडू जास्त पाठवले आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आभा विसरूनही गेली.

पुढची दोन वर्षं रोजचा फळा रोज पुसला गेला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी श्यामराव हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. दरवर्षी जावं लागतं, माणूस जिवंत आहे हे दाखवलं की पेन्शन पुढे चालू. काकूंच्या छातीत आदल्या रात्रीपासून बारीक दुखत होतं, पण त्यांनी सांगितलं नव्हतं. मिनतीला घेऊन टॅक्सीनं दवाखान्यात जाऊन येऊ, हे येईपर्यंत परत, असा त्यांचा हिशेब. निघताना त्यांनी फळ्यावर लिहिलं. श्यामरावांनी ते बँकेच्या रांगेत उभं राहून वाचलं. दाखला देऊन बाहेर आले आणि मिनतीचा फोन आला. ते पोचले तेव्हा काकू गेलेल्या होत्या.

तेरावा झाला. अमेय परत बंगळुरूला गेला. वडिलांनी सोबत यावं म्हणून त्यानं परोपरीनं सांगितलं, पण श्यामराव म्हणाले, बघू. मिनतीनं डबे चालू ठेवायचे ठरवलं आणि ते सगळ्यांना बरंच वाटलं. अडचण एकच होती. फळ्यावर अजून काकूंचं शेवटचं लिहिलेलं तसंच होतं, ‘उद्या नेहमीसारखं’ असं काहीतरी. ज्यांना कळलं नव्हतं ते विचारायला फोन करायचे आणि ज्यांना कळलं होतं ते वाचून रडायचे. अमेयनं आभाला लिहिलं, फळा काढून टाक, आईचा नंबर काढ, मिनतीचा नंबर मिळाला की घाल. त्याचं चुकलं म्हणता येणार नाही. आभानं त्याच दिवशी फळा काढला. काढताना त्यावरचं वाचलं, म्हणजे नजरेखालून गेलं. बारा कामांतलं ते एक होतं, आणि डोळ्यांत पाणी येतंय म्हणून तिनं ते भराभर उरकलं. नंबराचं मात्र राहिलं. मिनती नवा नंबर घेते-घेते म्हणत महिने गेले.

फेब्रुवारीत एका मंगळवारी श्यामरावांचा फोन आला.

“आभा, अमेय म्हणतो तू फळा केव्हाच काढलास.”

“हो काका. डिसेंबरात.”

“माझ्याकडे तर आहे.”

ते शांतपणे सांगत होते. त्या दिवशी रांगेत उघडलेलं पान त्यांनी मिटलं नव्हतं. तेराव्यानंतर फोनचं नेटच बंद करून ठेवलं होतं. आलेले फोन घेता येतात, तेवढं पुरे. सकाळी चहा झाला, की ते फोन हातात घेत आणि फळा वाचत. तीन महिने, रोज.

ते पान आता जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं. साइट जिथं ठेवलेली असते तिथं जुन्या प्रती महिनाभर टिकतात, तो महिना कधीच उलटला होता. तिनं स्वतःकडे साइटची प्रत ठेवली होती, पण त्यातला फळा कोरा. काकूंचे शब्द फक्त खिदिरपुरात, एका म्हाताऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात होते.

“काका, त्या पानाला हात लावू नका. मिटू नका, काही दाबू नका. मी येते आणि त्याचा फोटो काढून ठेवते. कायमचा राहील.”

“ये ना. वाचून दाखवू का? ‘आज चूल बंद. जरा—’”

तेवढ्यात दुसऱ्या फोनची घंटा वाजली. एका शिकवणीवाल्याची साइट शुक्रवारी सुरू व्हायची होती आणि त्याची तिसरी फेरी चालू होती. आभा म्हणाली, “काका, रविवारी येते ना, तेव्हा नीट बसून वाचू.” ते म्हणाले, “बरं, बरं. तुझं काम कर.”

बेहालाहून खिदिरपूर कितीसं लांब. मनात आणलं असतं तर ती त्याच संध्याकाळी जाऊन आली असती. पण अशा माणसांचं सगळं आयुष्य वारांवर ठरलेलं असतं, हे बुधवारी, ते शुक्रवारी. रविवार ठरला, तिच्या मनाला बरं वाटलं आणि ती कामाला लागली.

शुक्रवार उजाडला. गुरुवारी तिनं मिनतीचा नवा नंबर साइटवर घातला होता आणि अमेयला कळवलं होतं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता समोर लॅपटॉपवर शिकवणीवाला दिसत होता, त्याच्या शेजारी त्याचा भाऊ, मागे त्याची बायको, आणि तिघं तीन वेगवेगळे रंग मागत होते. मोबाइल वाजला. तिनं तो कान आणि खांद्यामध्ये धरला.

“आभा, श्यामराव बोलतोय. अमेयनं सांगितलं नंबर बरोबर पडलाय का बघा. माझ्याकडे अजून जुनाच दिसतोय. तिचाच.”

शिकवणीवाल्याचा भाऊ म्हणत होता, निळा नको, निळा सगळ्यांचाच असतो.

“नेट चालू करा काका,” आभा म्हणाली, “आणि पान वरून खाली ओढा.”

“ओढू?”

“हो, ओढा ना.”

तिचे डोळे लॅपटॉपवर होते. बोटं निळा बदलून हिरवा करत होती.

“आला,” श्यामराव म्हणाले. “मिनतीचा नंबर आला.” मग थोडं थांबून म्हणाले, “फळा गेला.”

आभाचे हात जागच्या जागी थांबले. लॅपटॉपमधली तीन माणसं बोलतच होती.

“काका,” ती म्हणाली.

“मी विचारलं होतं तुला, ओढू का म्हणून,” ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. आयुष्यभर कचेरीत वरून आलेला हुकूम पाळलेला माणूस, जाणकारानं सांगितलं ते करायचं एवढंच त्याला ठाऊक. “मला वाटलं, तू काहीतरी व्यवस्था केली असशील. असू दे. कामात होतीस तू.”

त्या दिवशी तिनं शिकवणीवाल्याचा फोन मध्येच बंद केला, आणि कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पंधरा वर्षांत हे पहिल्यांदा. मग तिनं जे जे करता येतं ते सगळं केलं. साइट ठेवणाऱ्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, मॅडम, महिन्यापलीकडचं काही नसतं. इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या साठ्यांत शोधलं. वीस डब्यांच्या लहानशा साइटची प्रत कोण कशाला ठेवेल. जुन्या-नव्या जेवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, त्या शेवटच्या दिवसाचा फळा कुणी जपून ठेवलाय का. तेजस्विनी म्हणून बँकेतली एक बाई नागपूरला गेली होती, तिनं कळवलं, ‘काळजी नसावी’ असं काहीतरी होतं बघ. सुश्रुतला ‘उद्या नक्की’ आठवत होतं. तिसऱ्यानं एक फोटो पाठवला, आभानं तो घाईघाईनं उघडला, पण तो श्रावणातला होता. ‘आज उपासाची मंडळी जास्त, भगर आणि दाण्याची आमटी.’ प्रत्येकाला आठवत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं.

आणि स्वतः आभानं तर ते वाचून पुसलं होतं. ती खुर्चीत डोळे मिटून बसली आणि तो डिसेंबरातला दिवस आठवू लागली. हिरवट काळी चौकट दिसे, पांढरी अक्षरंही दिसत, पण लागत नसत. मग तिला काकूंचा तो फोन आठवला. जुनं खाली राहू देता येईल का गं? दोन तासांचं काम. ते केलं असतं तर शेवटचाच काय, दोन वर्षांतला प्रत्येक दिवस आज जागच्या जागी असता. आभा रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, खालच्या मजल्यावरच्या घोषबाई वर येऊन दार वाजवीपर्यंत.

रविवारी ती ठरल्याप्रमाणे खिदिरपूरला गेली. दार मिनतीनं उघडलं आणि दारातच हळू आवाजात म्हणाली, “दीदी, मेशोमशाय किछु खाच्छेन ना.” काका काही खात नाहीत. दोन दिवस ते धड जेवले नव्हते. आभा आत गेली. श्यामराव खुर्चीवर बसले होते, फोन समोरच्या स्टुलावर होता, उपडा.

“काका, माझ्यामुळे झालं.”

“बस,” ते म्हणाले. “ऊन लागलं असेल. मिनती, पाणी दे गं.”

तिनं लॅपटॉप उघडला. जुनी साइट तिनं रात्री पुन्हा जशीच्या तशी उभी केली होती, फक्त त्यांच्यापुरती. डब्याचा फोटो, मोठी अक्षरं, फळा. फळा कोरा होता. ती म्हणाली, “तुम्ही सांगा, मी लिहिते. तुम्हाला आठवत असेल ना? तुम्ही रोज वाचत होता.”

श्यामरावांनी बराच वेळ त्या चौकटीकडे बघितलं. “रोज समोर होतं ना गं,” ते म्हणाले, “म्हणून पाठ केलं नाही.”

तरी त्यांनी सांगितलं, आणि तिनं लिहिलं. ‘आज चूल बंद. जरा दवाखान्यात जाऊन येते. उद्या नेहमीसारखं. घरच्या माणसानं कुकर उघडून बघावा.’

ही शेवटची ओळ ऐकून आभानं मान वर केली. कुकरची गोष्ट ग्रुपवरच्या एकानंही सांगितली नव्हती. ती ओळ त्यांच्यासाठी नव्हतीच, वाचली तरी त्यांच्या लक्षात कशाला राहील.

श्यामरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि वाचलं. “छान आहे. पण…” ते थांबले. “बदल किती वेळा करता येतो? तीनदा ना?”

“काका, असं काय विचारता. कितीही वेळा. रात्रीपर्यंत बसू.”

“नको. तिलाही तीनच मिळाल्या होत्या.”

त्यांनी हे टोचून म्हटलं नाही. कचेरीतला एखादा नियम सांगावा तसं सांगितलं, सगळ्यांना सारखा म्हणून. टोचून म्हटलं असतं तर आभाला सोपं गेलं असतं.

पहिल्या फेरीत त्यांनी ‘दवाखाना’ काढायला लावला. ती लोकांना काळजी लावणारं काही लिहीत नसे, ‘बाहेर जाऊन येते’ असंच असणार. आभानं बदललं. दुसऱ्या फेरीत बराच वेळ गेला. ‘उद्या’च्या पुढे ‘नक्की’ होतं की नव्हतं? श्यामराव तोंडातल्या तोंडात दोन्ही म्हणून बघत होते. शेवटी म्हणाले, “घाल. ती देताना हात आखडायची नाही.” आभानं घातलं.

मिनती चहा घेऊन आली होती आणि कप हातात धरून पडद्यापाशीच उभी राहिली होती. श्यामरावांनी तिच्याकडे न बघता विचारलं, “मिनती, त्या दिवशी कुकरमध्ये काय होतं?”

तीन महिन्यांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी परतल्यावर कुकर उघडायची कुणाला शुद्ध. दोन दिवसांनी मिनतीनंच तो उघडला होता, आणि जे होतं ते टाकून घासून ठेवला होता.

“भात होता,” मिनती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. “आणि गोळ्याची आमटी. माशिमा बोलल्या, सकाळी बँकेत उभं राहतील, थकून येतील, त्यांना आवडते.”

श्यामरावांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. मग आभाला म्हणाले, “लिही. ‘भात आणि गोळ्यांची आमटी आहे.’”

“हे होतं का काका फळ्यावर?”

“नव्हतं. पण लिही. ही तिसरी.”

आभानं लिहिलं. स्क्रीनवरची अक्षरं तिला नीट दिसत नव्हती, तरी लिहिलं. श्यामरावांनी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ओठ हलवत. “हे तिचं नाही,” ते म्हणाले. “पण जवळ आलंय.”

मग त्यांनी कॅलेंडरमागे खोचलेला एक कोरा कागद काढला, खिशातलं पेन उघडलं आणि त्यावर लिहिलं, मंजूर. खाली सही केली, तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं. आभा म्हणाली, याची काही गरज नाही. ते म्हणाले, “तुझ्या कागदात आहे ना तसं? तिनंही दिलं होतं.” त्यांनी तो कागद घडी करून तिच्या हातात दिला. तो अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे, काकूंच्या कागदाच्या शेजारी.

निघण्यापूर्वी आभानं ते पान त्यांच्या फोनवर उघडून दिलं, त्याचा फोटो काढून ठेवला, अमेयला पाठवला, स्वतःकडे चार ठिकाणी ठेवला. मिनतीनं पानं वाढली होती. श्यामराव पाटावर येऊन बसले, फोन ताटाशेजारी ठेवला आणि एकदा फळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “आता हे खाली ओढलं तर जाणार नाही ना?”

“नाही काका. कितीही वेळा ओढा. नाही जाणार.”

त्यांनी मान डोलावली आणि भात कालवायला घेतला. ओढून मात्र बघितलं नाही.